जबड्याचा सांधा दुखतोय: स्प्लिंट, बोटॉक्स, लेझर की व्यायाम?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३४, दिवसभर संगणकासमोर बसून काम. आठ महिन्यांपासून उजव्या कानापुढे दुखतं, जांभई देताना खटका वाजतो, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासून त्यात काही नाही असं सांगितलं. मग एका दंतवैद्यांनी रात्री दातांवर लावायची स्प्लिंट, म्हणजे दात झाकणारा प्लास्टिकचा साचा, सुचवली, दुसऱ्यांनी बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, तिसऱ्यांनी लेझरच्या बैठका आणि चौथ्यांनी दाढा थोड्या घासून चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत) जुळवून घ्यायला सांगितलं. शस्त्रक्रिया नको आहे. यातलं काय निवडावं?

चार ठिकाणी चार उपचारांची नावं मिळाली, पण नेमकं काय दुखतंय हे कोणी सांगितल्याचं प्रश्नात कुठेच दिसत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. निदानाच्या आधी उपचारांची तुलना करण्यात अर्थ नाही. आणि निदान नीट झालं की बहुतेकांच्या बाबतीत साधे, स्वस्त आणि हवे तेव्हा थांबवता येणारे उपचारच सगळ्यात भरवशाचे ठरतात. शस्त्रक्रियेची भीती आत्ताच बाळगू नका, ती वेळ फार थोड्यांवर येते.

कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली जे हलतं ते खालच्या जबड्याचं गोल टोक, कोंडाइल. ते आणि कवटीचा खळगा यांच्यामध्ये एक चिवट चकती असते. तोंड उघडायला लागलं की पहिले वीस-पंचवीस मिलिमीटर कोंडाइल जागच्या जागी फिरतं आणि त्यानंतर चकतीसकट पुढे सरकतं. चकती पुढे निसटलेली असेल, तर कोंडाइल पुन्हा तिच्याखाली शिरताना खटका वाजतो. हा सांधा चालवणारे मुख्य स्नायू म्हणजे गालातला मॅसेटर, कानशिलावरचा टेम्पोरॅलिस आणि खोलवर असलेले टेरिगॉइड. दुखणं स्नायूंचं असू शकतं, चकतीच्या अडचणीचं असू शकतं किंवा सांध्याच्या सुजेचं आणि झिजेचं. पुष्कळदा यातली दोन एकत्र नांदतात.

कुठलं आहे हे बरंचसं हातानेच कळतं. जबड्याच्या सांध्याच्या दुखण्याचं निदान करण्यासाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेले डीसी-टीएमडी निकष आज जगभर वापरले जातात आणि त्यांचा कणाही हाताने केलेली तपासणीच आहे. डॉक्टर गाल, कानशील आणि सांधा दाबतात. दाबल्यावर ‘हेच ते माझं दुखणं’ असं वाटलं, तर त्या जागेला महत्त्व. नुसतं दुखलं तर ते पुरेसं नाही, कारण जोरात दाबलं की कोणाचाही गाल दुखतो. मग पट्टीने तोंड किती उघडतं ते मोजतात. साधारण ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त हवं. घरी पाहायचं तर तुमचीच तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये मावतात का ते पाहा. आरशात जबड्याची वाटही बघा. उघडताना तो एका बाजूला जाऊन खटक्यानंतर मध्यावर येत असेल, तर चकती निसटते पण परत जागेवर बसते. दुखऱ्या बाजूला जाऊन तिथेच राहत असेल, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत असेल आणि पूर्वी वाजणारा खटका एके दिवशी अचानक बंद झाला असेल, तर चकती अडकली आहे. खटक्याऐवजी करकर असा आवाज येत असेल, तर सांध्याच्या पृष्ठभागाची झीज असू शकते.

तुमच्या वर्णनात खटका अजून वाजतोय, म्हणजे चकती परत बसतेय. सकाळी जबडा आखडलेला असतो, म्हणजे रात्री दाढा आवळल्या जात असाव्यात किंवा झोपेत दात खाल्ले जात असावेत. प्रत्यक्ष न तपासता सांगायचं तर यात स्नायूंचा वाटा मोठा दिसतो. नुसत्या खटक्यावर उपचार करायचा नसतो. ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांच्या सांध्यांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांच्यातल्याही सुमारे एक तृतीयांश जणांची चकती जागेवरून सरकलेली आढळली. ‘चकती सरकली आहे’ हा अहवाल हातात पडला की माणूस हादरतो. म्हणून पहिल्याच भेटीत एमआरआय काढायला मी सहसा सांगत नाही. दात आणि जबड्याचं हाड पाहायला एक ओपीजी, म्हणजे सगळा जबडा एकत्र दाखवणारा एक्स-रे, पुरतो.

उपचारांकडे वळण्याआधी काही गोष्टी वगळाव्या लागतात आणि इथे घाई करू नये. आपल्याकडे तोंड कमी उघडण्याचं एक मोठं कारण सांध्यात नसतंच. सुपारी, गुटखा, मावा यांमुळे गालाची आतली त्वचा जाड आणि ताठ होत जाते, तिखट खाल्लं की आग होते आणि तोंड हळूहळू आवळत जातं. हा सबम्यूकस फायब्रोसिस. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरीही हे रुग्ण येतच असतात. काहींना महिनोन् महिने सांध्याचे व्यायाम दिले गेलेले असतात. या आजारातून पुढे कर्करोग होऊ शकतो, त्यामुळे गालात बोट घालून तपासल्याशिवाय तोंड कमी उघडणाऱ्या माणसाला ‘सांध्याचा त्रास’ म्हणू नये. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेला सूज आली तरी जबडा आखडतो. पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेली डोकेदुखी, चावताना जबडा दमणं आणि नजर अंधुक होणं असं एकत्र दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण हा कानशिलाच्या रक्तवाहिनीचा दाह असू शकतो आणि त्यात दृष्टी जाऊ शकते. जिने चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर शमतो, तेव्हा आधी हृदय तपासून घ्या. चेहरा बधिर होणं, गाठ लागणं, वजन उतरणं, दातांचा चावा अचानक बदलणं, यांपैकी काही असेल तर पुढचं सगळं उत्तर बाजूला ठेवा.

आता तुलना. सगळ्यात आधी दाढा घासून चावा जुळवण्याचा सल्ला, कारण तो तुम्ही अजून मानला नसेल तर मला तो थांबवायचा आहे. चावा चुकल्यामुळे जबडा दुखतो ही कल्पना जुनी आहे. १९३४ साली जेम्स कॉस्टेन या अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाने दाढा गेल्यामुळे जबडा मागे सरकतो आणि कान दुखतो असं मांडलं आणि त्यानंतर अनेक दशकं दंतवैद्यक त्याच वाटेने चाललं. १९७६ साली शिकागोच्या संशोधकांनी काही रुग्णांचे दात घासल्याचं फक्त भासवलं, प्रत्यक्षात दातांचा आकार बदललाच नाही. तरी निम्म्याहून अधिक जणांना मोठा आराम पडला. दात घासल्यावर मिळणारा आराम हा घासण्यामुळेच मिळतो असं म्हणता येत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. घासलेलं इनॅमल, म्हणजे दातांचं कडक कवच, परत येत नाही. नुसत्या जबड्याच्या दुखण्यासाठी दाढा घासणं, सगळ्या दाढांवर कॅप बसवून चावा उचलणं किंवा ब्रेसेस लावणं, यांतलं काहीही करून घेऊ नका. दात वेडेवाकडे आहेत म्हणून ब्रेसेस लावायच्या असतील तर खुशाल लावा, पण जबड्याचं दुखणं जाईल या आशेवर नको.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तीन महिन्यांहून जुन्या जबडेदुखीसाठी एक मार्गदर्शिका आली. तिच्यामागे २३३ चाचण्या आणि ५९ उपचारांची एकत्र तुलना होती. ठाम शिफारस कशाची झाली ते पाहा: समजावून सांगणं आणि घरी करायचे व्यायाम, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम आणि ताण देणं, सांधा हाताने हलवून मोकळा करणं, स्नायूंतल्या दुखऱ्या गाठी हाताने दाबणं, मान-खांद्यांच्या ठेवणीचे व्यायाम आणि दुखण्याशी जुळवून घ्यायला शिकवणारी वर्तनोपचार पद्धत. स्प्लिंट, बोटॉक्स, लेझर, टेन्सचं यंत्र (त्वचेवरून सौम्य विजेचे झटके देणारं), सांध्यात स्टेरॉइडचं किंवा वंगणासारख्या हायलुरॉनिक आम्लाचं इंजेक्शन, गॅबापेंटिन ही मज्जातंतूंच्या दुखण्याची गोळी हे सगळे ‘शक्यतो नको’ या रकान्यात आहेत. चावा कायमचा बदलणाऱ्या स्प्लिंट, सूज उतरवणाऱ्या गोळ्यांना ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गीय गोळ्यांची जोड आणि चकती काढून टाकणं यांना ठाम विरोध आहे. ज्या उपचारांची ठाम शिफारस झाली, त्यांतला एकही तुम्हाला चारपैकी एकाही ठिकाणी सुचवला गेला नाही. हे वाचून मला मनापासून वाईट वाटलं.

घरी काय करायचं ते सविस्तर सांगतो, कारण निम्मं काम इथेच होतं. निरोगी माणसाचे वरचे आणि खालचे दात चोवीस तासांत एकूण वीसेक मिनिटंच एकमेकांना टेकतात, तेही चावताना आणि गिळताना. बाकी सगळा वेळ ओठ मिटलेले, दात सुटे आणि जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला अलगद लागलेलं असायला हवं. आत्ता हे वाचताना तुमच्या दाढा टेकलेल्या आहेत का? संगणकावर काम करणाऱ्यांच्या बहुधा असतात. हलकाच दाब असला तरी तो तासन् तास राहिला की स्नायू थकतो. मोबाइलवर दर तासाला एक आठवण लावा, स्क्रीनच्या कडेला एक ठिपका चिकटवा आणि तो दिसला की दात सोडा, खांदे खाली आणा. हे ऐकायला फारच साधं वाटतं, म्हणून लोक ते गंभीरपणे घेत नाहीत. दिवसा दाढा आवळणाऱ्याला यापेक्षा मोठा आराम मी कुठल्याही यंत्राने मिळालेला पाहिलेला नाही.

दोनतीन आठवडे मऊ खा: वरणभात, खिचडी, उपमा, शिजलेल्या भाज्या. कडक भाकरी आमटीत कुस्करून खा. चिक्की, ऊस, सुकं खोबरं, च्युइंगम बंद. पाणीपुरी आणि मोठ्या घासाचा वडापाव काही दिवस टाळा, कारण तिथे तोंड एकदम ‘आ’ करावं लागतं. मात्र महिनोन् महिने पातळच खात राहू नका, स्नायू दुबळे होतात आणि चावायची भीती मनात बसते. जांभई आली की जीभ टाळूला लावून किंवा मूठ हनुवटीखाली धरून ती आवरा. गालावर ओला गरम शेक दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. नुकताच मार लागला असेल किंवा सांध्याला ताजी सूज असेल तर शेकाऐवजी बर्फ. पालथं झोपणं, फोन खांद्यात धरून बोलणं, पेन चावणं हे सोडा.

जबड्याचा हाताने उपचार करणारा फिजिओथेरपिस्ट मिळाला, तर तुमचा सगळ्यात चांगला खर्च तोच. तो हातमोजा घालून अंगठा खालच्या दाढांवर ठेवतो आणि सांधा हळूच खाली-पुढे ओढून मोकळा करतो. गालाचा स्नायू आतून आणि बाहेरून दोन बोटांत धरून दाबतो. मग तुमच्याकडून व्यायाम करून घेतो: जीभ टाळूला लावून तोंड तिथवरच उघडणं जिथवर जीभ सुटत नाही, हनुवटीला बोटांचा हलका विरोध देऊन जबडा स्थिर ठेवणं, मान मागे घेणं. थोडे थोडे, पण दिवसातून पाच-सहा वेळा. दुखणं वाढेल इतकं ताणायचं नाही. सहा ते आठ आठवडे द्या. फिजिओकडे गेलात आणि फक्त अल्ट्रासाउंड किंवा टेन्सचं यंत्र लावून बसवून ठेवलं, जबड्याला कोणी हातच लावला नाही, तर तो हा उपचार नव्हे. माझ्याकडे ‘फिजिओने काही फरक पडला नाही’ म्हणत येणाऱ्या बऱ्याच जणांचा अनुभव नेमका तसा असतो.

वर्तनोपचाराचं नाव काढलं की रुग्ण दुखावतो. ‘म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे असं म्हणता का?’ नाही. दुखणं खरं आहे, तुमच्या गालाच्या स्नायूत आहे. पण वेदना किती तीव्र जाणवणार हे झोप, चिंता आणि शरीरात इतरत्र चालू असलेली दुखणी यांवरही ठरतं. अमेरिकेत २००६ पासून ऑपेरा नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात जबडा न दुखणाऱ्या हजारो लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. पुढे कोणाचा जबडा दुखेल हे सांगण्यात झोपेची प्रत आणि अंगभर जाणवणाऱ्या तक्रारी दातांच्या ठेवणीपेक्षा कितीतरी उपयोगी ठरल्या. म्हणून माझ्या तपासणीत झोपेचा प्रश्न असतोच. घोरणं, रात्री श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं असेल तर झोपेची तपासणी आधी. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दाढा आवळल्या जातात. तशी गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, पण लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगा.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. सांध्याला सूज असेल आणि पोट, मूत्रपिंड, रक्तदाब ठीक असेल, तर नॅप्रोक्सेनसारखी सूज उतरवणारी गोळी वेळापत्रकाने दहा-चौदा दिवस घेणं हे ‘दुखलं की एक’ यापेक्षा बरं. पुढे चालू ठेवायची नाही. स्नायूंचं दुखणं जुनं असेल आणि झोप मोडत असेल, तर रात्री अगदी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलीन काहींना उपयोगी पडते. ती मात्र डॉक्टरांनीच द्यावी. आपल्याकडे थायोकोल्चिकोसाइड हे स्नायू सैल करणारं औषध असलेल्या जोडगोळ्या सर्रास लिहिल्या जातात. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये त्या तोंडाने घ्यायला सात दिवसांची मर्यादा घातली, कारण शरीरात या औषधापासून तयार होणाऱ्या एका पदार्थाने पेशींतल्या गुणसूत्रांना इजा होऊ शकते. गरोदरपणात किंवा गर्भधारणेचा विचार असताना त्या घेऊच नयेत. दुकानातून आणून महिनाभर खाणारे मी पाहतो, म्हणून हे इथे लिहिलं.

स्प्लिंटबद्दल माझं मत मार्गदर्शिकेपेक्षा थोडं वेगळं आहे. नुसतं दुखणं कमी करायला स्प्लिंट फारशी कामाची नाही, हा निष्कर्ष मला पटतो. पण झोपेत दात खाण्याने दाढा सपाट होत असतील, भराव तुटत असतील, तर दात वाचवण्यासाठी मी ती देतो आणि सकाळचा आखडलेपणा काहींचा त्याने हलका होतो. मात्र ती कडक अॅक्रिलिकची, सगळे दात झाकणारी, सपाट आणि फक्त रात्री लावायची असावी. दिल्यावर काही आठवड्यांनी परत तपासून घासून जुळवायला हवी. फक्त पुढच्या दातांवर बसणारी छोटी स्प्लिंट किंवा जबडा पुढे ओढून ठेवणारी स्प्लिंट महिनोन् महिने लावली, तर काही दात एकमेकांना लागेनासे होतात आणि मग खरोखरच चावा बिघडतो. बाजारातलं गरम पाण्यात मऊ करून लावायचं रबरी गार्ड घेतलंत आणि सकाळचं दुखणं वाढलं, तर लगेच सोडून द्या. काही जण मऊ गार्ड चघळतच राहतात.

बोटॉक्सने मॅसेटर तीन-चार महिने सैल पडतो. परिणाम ओसरला की पुन्हा टोचावं लागतं आणि दाढा आवळायची सवय जिथल्या तिथे असते. वारंवार दिलं की स्नायू बारीक होतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कोंडाइलचं हाडही विरळ झालेलं दिसलं आहे. व्यायाम, सवयी, झोप हे सगळं नीट करूनही स्नायूंचं दुखणं तसंच राहिलेल्या मोजक्या माणसांसाठी मी त्याचा विचार करतो. तुमच्या टप्प्यावर नाही. लेझरने अपाय फारसा होत नाही, पण प्रत्येक अभ्यासात मात्रा वेगळी आणि निकाल वेगळे. त्या बैठकांचे पैसे फिजिओथेरपीला द्या.

एक उपचार सुईचा आहे, तोही समजून घ्या, कारण कधी चकती अडकलीच तर त्याचं नाव पुढे येईल. आर्थ्रोसेंटेसिसमध्ये सांधा सलाइनने धुतात. १९९१ साली डोरिट नित्झान आणि सहकाऱ्यांनी अचानक तोंड बंद पडलेल्या रुग्णांसाठी ही पद्धत मांडली. नव्याने अडकलेल्या चकतीत तोंड उघडायला तिची मदत होते असा माझा अनुभव आहे, मात्र जुन्या दुखण्यावर सर्रास करू नये. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चकती अडकलेल्या १०६ जणांची चार गटांत विभागणी केली: औषधं आणि सल्ला, फिजिओसह पुनर्वसन, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि उघडी शस्त्रक्रिया. पाच वर्षांनंतर चारही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा होती. शस्त्रक्रिया नको म्हणणाऱ्या माणसासाठी याहून मोठा आधार मला सांगता येणार नाही.

तर तुम्ही आधी तोंडाच्या आजारांचे तज्ज्ञ, म्हणजे ओरल मेडिसिनचे दंतवैद्य गाठा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबईच्या नायर दंत रुग्णालयात हे विभाग आहेत आणि तिथे खर्चही खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो. जाण्याआधी दोन आठवडे रोज सकाळी आणि रात्री दुखणं शून्य ते दहामध्ये किती, तोंड किती बोटं उघडलं, झोप कशी लागली आणि कुठली गोळी घेतली, एवढं एका वहीत लिहा. तिथे ‘माझं दुखणं स्नायूचं, चकतीचं की सांध्याचं?’ हा प्रश्न थेट विचारा आणि उत्तर लिहून घ्या. फिजिओ आणि घरचे व्यायाम सुरू केल्यावर दोन महिन्यांनी वही परत दाखवा. तेव्हाही दुखणं हललं नसेल किंवा तोंड कमी उघडायला लागलं असेल, तर एमआरआय काढायची वेळ ती. आणि मधल्या काळात खटका अचानक थांबून तोंड दोनच बोटं उघडायला लागलं, तर दोन महिने थांबू नका, त्याच आठवड्यात जा.